आकडा हलतोय ना?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळचे दहा वाजून गेले होते. घरातला पंखा मंदावत थांबला, त्याचं काही वाटलं नाही. कळव्यात लाइट जाते आणि येते. मग लक्षात आलं की रुळांवरूनही आवाज येत नाहीये. स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना लोकलचा खडखडाट इतका अंगवळणी पडलेला असतो की तो थांबला की दचकायला होतं. गॅलरीत आले, तर समोर एक गाडी उभी होती. करोनाचे दिवस, लोकलमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतली माणसं. काही जण दारात येऊन पुढे-मागे बघत होते. कुणीतरी रुळांवर उडी मारून ठाण्याच्या दिशेनं चालायला लागलं.

थोड्या वेळात मोबाइलवर बातम्या यायला लागल्या. मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा बहुतेक भाग अंधारात गेला होता. लोकल बंद, सिग्नल बंद, रुग्णालयं जनरेटरवर, मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा अडकलेल्या. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी पहिलं कारण सांगितलं, त्यात आमच्या गावाचं नाव होतं. महापारेषणच्या ४०० केव्ही कळवा-पडघा केंद्रात सर्किट एकची देखभाल चालू असताना सगळा भार सर्किट दोनवर होता आणि सर्किट दोनमध्ये बिघाड झाला.

आमच्या बाजूच्या विंगमध्ये एक काका राहतात. आयुष्यभर वीजकेंद्रांमध्ये टेस्टिंगचं काम करून निवृत्त झालेले. गॅलरीतूनच त्यांना विचारलं, "काका, काय झालं असेल हो?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लाइन का पडली ते लोक सांगतीलच. मला विचारशील तर आधी बघायला हवं, रिलेनं काय पाहिलं."

रिलेनं काय पाहिलं. हे वाक्य माझ्या डोक्यात राहून गेलं. रिले म्हणजे वाहिनी तोडायची की नाही हे ठरवणारं यंत्र. पुढची काही वर्षं मी त्या वाक्याच्या मागे लागले. यंत्राला "दिसतं" म्हणजे काय, आणि त्याला बरोबर दिसतंय हे आपल्याला कसं कळतं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक विलक्षण कला समोर आली. यंत्रासमोर खोटं दृश्य उभं करायचं, पण असं की खऱ्यातले सगळे दोष त्यात उतरले पाहिजेत.

नकाशावरचं कळवा

मुंबईकरांना कळवा म्हणजे ठाण्यानंतरचं एक धीमं स्टेशन. पारसिकच्या डोंगरात १९१६ साली खोदलेल्या बोगद्यातून जलद लोकल २०२२ पर्यंत निघून जात, कळव्याला थांबत नसत. वीजक्षेत्राच्या नकाशावर मात्र कळवा हे महाराष्ट्राच्या मध्यभागी असल्यासारखं आहे. इथे ४०० केव्हीचं मोठं ग्रहण केंद्र आहे. राज्याचं भार प्रेषण केंद्रही ठाणे-बेलापूर रस्त्यावर, ऐरोलीत आहे. पत्ता ऐरोलीचा, नाव कळव्याचं. कोराडी, चंद्रपूर, कोयना इथली वीज किती आणि कधी, कुठली वाहिनी बंद ठेवायची, कुठली चालू करायची, याचा हिशोब तिथे चोवीस तास चालतो.

भिवंडी तालुक्यातलं पडघा हे कळव्याचं जोडीदार. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वाहिनी पडघ्यालाच येते. १५०० मेगावॅट क्षमतेची ही वाहिनी १९९९ साली सुरू झाली. विदर्भातल्या कोळशावर तयार झालेली वीज तिच्यातून कोकणपट्टीत उतरते आणि पुढे कळव्यासारख्या केंद्रांतून घराघरांत जाते. मुंब्र्याच्या खिडकीतून, दिव्याच्या पुलावरून दिसणारे ते उंच मनोरे याच जाळ्याचे.

६३.५ व्होल्ट

चार लाख व्होल्टच्या तारेला कोणतंही मोजयंत्र थेट जोडता येत नाही. म्हणून मध्ये दुभाषे लागतात. प्रवाहासाठी करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी. दाबासाठी व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर. बोलताना सगळे पीटीच म्हणतात. सबस्टेशनच्या यार्डात पोर्सेलिनच्या चकत्यांचे जे उंच खांब दिसतात, त्यांतले बरेचसे हेच. सीटीच्या पोटात लोखंडी पत्र्यांचं कडं असतं. त्यातून मुख्य वाहक जातो आणि कड्याभोवती बारीक तारेचे शेकडो वेढे असतात. तारेतून हजार अँपिअर वाहत असतील, तर दुसऱ्या बाजूला एक अँपिअर मिळतो. पीटी चार लाख व्होल्टचे ११० करून देते; एका फेजपुरते ६३.५.

हा ६३.५ आकडा टेस्टिंगवाल्यांना स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ असतो. कंट्रोल रूममधल्या रिलेला बाहेरचं जग एवढंच दिसतं: ६३.५ व्होल्ट आणि एक अँपिअर. डोंगर, मनोरे, वादळ, तारेवर पडलेलं झाड यांतलं त्याला काहीच ठाऊक नसतं. दाब कोसळला आणि प्रवाह उसळला की तो दोहोंचा भागाकार करतो. भागाकारावरून फॉल्ट किती किलोमीटरवर आहे याचा अंदाज बांधतो आणि ठरवतो, वाहिनी तोडणारा ब्रेकर उघडायचा की थांबायचं. ४०० केव्हीच्या वाहिनीवरचा फॉल्ट १०० मिलिसेकंदांत दूर झाला पाहिजे, असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा दंडक आहे. सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात माणसाची पापणी जेमतेम लवते.

आता अडचण अशी, की हा रिले वर्षानुवर्षं नुसता बघत बसतो. वाहिनीवर खरा फॉल्ट वर्षातून एखादा येईल, कदाचित येणारही नाही. आला, तर पहिल्याच फटक्यात निर्णय अचूक हवा. मग त्याची तयारी तपासायची कशी? चार लाख व्होल्टच्या तारेवर मुद्दाम फॉल्ट करून बघणं परवडणारं नाही.

म्हणून रिलेचे डोळे बांधायचे आणि त्याला खोटं जग दाखवायचं. पॅनेलवरच्या लिंक सोडवून सीटी-पीटीकडून येणाऱ्या तारा वेगळ्या करतात आणि त्या जागी टेस्ट किट जोडतात. याला टेस्टिंगवाले "सेकंडरी इंजेक्शन" म्हणतात. किट आधी ६३.५ व्होल्ट आणि एक अँपिअर देतं. रिलेला वाटतं, लाइन ठणठणीत आहे. मग दाब उतरवत, प्रवाह चढवत नेतात. एका बिंदूला रिले "ट्रिप" म्हणतो, आणि किती मिलिसेकंदांत म्हणाला ते नोंदतात.

काकांच्या तरुणपणी किट म्हणजे हातानं फिरवायचा व्हेरिअ‍ॅक, रेझिस्टन्सचा खोका आणि सेकंदमापक घड्याळ. पुढे संगणकावर चालणारी किटं आली. तीन दाब आणि तीन प्रवाह एकाच वेळी, हव्या त्या कोनात. "पण एक सांगू का," काका म्हणाले होते, "किटचा आकडा फार शहाणा असतो. एक अँपिअर म्हटलं की एक अँपिअर. खरा सीटी इतका शहाणा कधीच नसतो."

सोंग वठवायचं तर

दारी येणारा बहुरूपी पोलिसाचं सोंग आणतो, तेव्हा नुसती टोपी आणि काठी पुरत नाही. पोलिसाची चाल, खोकणं, वहीत लिहितानाची घाई, हे जमलं तर क्षणभर घरातली माणसं चपापतात. सेन्सरच्या सोंगाचंही तसंच आहे. त्याचं काम कसं चालतं हे उतरवणं सोपं. त्याचं चुकणं उतरवणं कठीण, आणि परीक्षेला तेच लागतं.

सीटी कसा चुकतो ते पाहू. फॉल्ट झाला की प्रवाह नुसता वाढत नाही, तो काही काळ एका बाजूला कलतो. लाट शून्याभोवती वरखाली होण्याऐवजी सगळी वरच सरकते आणि हळूहळू खाली येते. या एकाच बाजूच्या प्रवाहानं सीटीच्या लोखंडात चुंबकत्व साठत जातं. लोखंडाची धारणा संपली की ते आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही. याला "सॅच्युरेशन" म्हणतात. मग तारेतून दहा हजार अँपिअर जात असले, तरी सीटी लाटेचा अर्धाच भाग दाखवतो, बाकीचा कापलेला. ज्या क्षणी खरं सांगण्याची सर्वांत जास्त गरज असते, त्याच क्षणी त्याची जीभ अडखळते.

यावर आणखी एक गुंता आहे. ब्रेकर उघडल्यावर प्रवाह थांबतो, पण लोखंडात थोडं चुंबकत्व मागे राहतं. बहुतेक वाहिन्यांवर ब्रेकर सेकंदभरानं आपोआप परत लागतो; फांदी पडून गेली असेल, तर वीज लगेच सुरू व्हावी म्हणून. फांदी अजून तारेवरच असेल, तर दुसरा फॉल्ट आधीच भरलेल्या लोखंडावर येतो आणि सीटी पहिल्यापेक्षा लवकर अडखळतो. त्याची आजची चूक कालच्या घटनेवर अवलंबून असते. सीटीला स्मरण असतं, म्हणून त्याच्या नकलेलाही स्मरण हवं.

पीटीची खोड वेगळी. मोठ्या दाबाला ते कपॅसिटरच्या मदतीनं काम करतं. फॉल्ट झाल्यावर तारेवरचा दाब क्षणात शून्याजवळ येतो, पण कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा लगेच जात नाही. त्यामुळे पहिल्या एक-दोन आवर्तनांत, म्हणजे वीस ते चाळीस मिलिसेकंद, पीटी खोट्याच लहरी दाखवत राहतं. रिलेला निर्णय घ्यायचा असतो नेमका याच काळात.

हे सगळं संगणकात उतरवायचा पाया १९६९ साली घातला गेला. हेर्मान डॉमेल या अभियंत्यानं विजेच्या जाळ्यातल्या क्षणिक उलथापालथी संगणकावर पायरीपायरीनं सोडवायची रीत मांडली. लोखंडाच्या स्मरणाचं गणित १९८० च्या दशकात डेव्हिड जाइल्स आणि डेव्हिड अ‍ॅथर्टन यांनी दिलं. आजही सीटीच्या हुबेहूब नकलेत ते वापरतात. पण हे गणित घड्याळाच्या वेगानं सुटत नसे. एका सेकंदाची घटना सोडवायला संगणकाला मिनिटं लागत. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९८० च्या दशकाअखेर एका संशोधन केंद्रानं असा संगणक उभा केला जो ५० मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी सगळं जाळं खऱ्या वेळात सोडवतो. सेकंदाला वीस हजार पायऱ्या.

याचा अर्थ फार मोठा होता. आता खरा रिले या संगणकाला जोडता येत होता. संगणकात मनोरे, तारा, जनित्रं, सीटी आणि पीटी, सगळं नकली. रिले तेवढा खरा. संगणक फॉल्टचं चित्र तयार करतो, वर्धक ते प्रवाहात उतरवतात, रिले ब्रेकर उघडायला सांगतो आणि तो आदेश परत संगणकात जाऊन नकली ब्रेकर उघडतो. त्याचा परिणाम पुढच्याच पायरीत रिलेला दिसतो. खऱ्याखोट्याची साखळी पूर्ण होते. आज भारतातही अशा प्रयोगशाळा आहेत. पवईच्या आयआयटीत वीजजाळ्याच्या संरक्षणावर दीर्घकाळ काम झालं आहे. तिथल्या प्रा. एस. ए. सोमण यांची संरक्षणावरची व्याख्यानमाला एनपीटीईएलवर मोफत बघता येते.

हाच विचार वीजक्षेत्राबाहेर किती खोल गेला आहे, याचं एक उदाहरण द्यायला हवं. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो प्रकल्पात १६ सप्टेंबर २०१० रोजी मूठभर लोकांनी बाकी सगळ्यांना न सांगता उपकरणात एक खोटी लहर सोडली. शेकडो शास्त्रज्ञांनी ती खरी समजून सहा महिने तपासली आणि शोधनिबंधही लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये पाकीट उघडलं, तेव्हा कळलं की ती नक्कल होती. मात्र आपली यंत्रणा बघू शकते याची खात्री पटली होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरी लहर आली, तेव्हा ती ओळखण्याचा विश्वास त्यातून आलेला होता. अशा लहरी गोंगाटातून वेचायच्या गणितात पुण्याच्या आयुकातले प्रा. संजीव धुरंधर यांचं मोठं काम आहे, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाला केंद्र सरकारनं २०२३ साली मंजुरी दिली आहे.

न झालेला फॉल्ट

रिलेनं काय पाहिलं, हा प्रश्न किती महागात पडू शकतो हे ३० जुलै २०१२ च्या पहाटे देशानं अनुभवलं. २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचं जाळं कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी गेली. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात अंधार झाला. चौकशी समितीनं साखळीची पहिली कडी शोधली, ती मध्य प्रदेशातली बिना-ग्वाल्हेर वाहिनी. तिच्यावर फॉल्ट नव्हताच. भार फार वाढला होता आणि दाब उतरला होता. दूरच्या फॉल्टसाठी ठेवलेल्या रिलेच्या तिसऱ्या टप्प्यानं तोच भागाकार केला आणि ओझ्यालाच फॉल्ट समजून लाइन तोडली. सेन्सर खरं बोलत होता, रिले गणित बरोबर करत होता. पण असं जग त्याला आधी कुणी दाखवलंच नव्हतं.

उत्तर अमेरिकेतही हेच घडलं होतं. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी कॅनडातल्या नायगाराजवळच्या सर अ‍ॅडम बेक केंद्रातल्या एका रिलेनं साधा वाढता भार धोका मानून वाहिनी तोडली आणि न्यूयॉर्कसह तीन कोटी लोकांचा प्रदेश अंधारात गेला. त्या रिलेची मर्यादा काही वर्षांपूर्वीच्या भारावर बेतलेली होती. भार वाढत गेला, मर्यादा तिथेच राहिली.

म्हणून नकलेनं केवळ सेन्सरचे दोष दाखवून भागत नाही. जग कसं बदललंय हेही तिनं दाखवायला हवं. नाहीतर आपण रिलेला दहा वर्षांपूर्वीच्या कळव्याची परीक्षा घालतो, आणि तो आजच्या कळव्यात नापास होतो.

ऐरोलीच्या पडद्यावर

ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातल्या भल्यामोठ्या पडद्यावर राज्यभरातून आकडे येत असतात. हे सगळे सीटी-पीटीतून निघून, दूरसंचारातून फिरून आलेले. त्यांतला एखादा चुकीचा असतोच. सीटीची लिंक सैल असते, एखाद्या केंद्राचा आकडा गोठलेला असतो, कुठे ब्रेकर उघडा असून बंद दाखवतो. मग खरं चित्र कसं ठरवायचं?

१९६५ च्या अंधारानंतर एमआयटीतल्या फ्रेड श्वेपे यांनी १९७० साली याचं उत्तर मांडलं. पतपेढीत दिवसाखेर जमाखर्च जुळवतात तसंच ते. एका केंद्रात आत येणारी वीज आणि बाहेर जाणारी वीज जुळलीच पाहिजे. आकडे गरजेपेक्षा जास्त असतात, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्यांशी ताडून बघता येतं. जो बसत नाही तो संशयित. ज्या केंद्राचा आकडा येतच नाही, तिथे नकली आकडा भरतात: काल याच वेळी किती होता, आज हवामान कसं आहे, यावरून. संगणकात तयार झालेला हा सेन्सर नसलेल्या सेन्सरची जागा घेतो. नव्या ऑपरेटरांना शिकवतानाही असाच नकली पडदा वापरतात. त्यात मुद्दाम खोटे आकडे पेरलेले असतात, म्हणजे खरी वेळ येईल तेव्हा ते गडबडणार नाहीत.

अशा नकलेची सीमा ५ एप्रिल २०२० च्या रात्री दिसली. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन पंतप्रधानांनी केलं होतं. देशाच्या जाळ्याच्या नियंत्रकांनी आधी गणित केलं: १२ ते १४ हजार मेगावॅट भार उतरेल. प्रत्यक्षात उतरला ३१,०८९ मेगावॅट. गणितात दिवे धरले होते. माणसांनी त्याहून बरंच काही बंद केलं. तरी अंधार झाला नाही, कारण नियंत्रकांनी अंदाजाबरोबर चूकही गृहीत धरली होती. जलविद्युत केंद्रांनी काही मिनिटांत १७ हजारांहून अधिक मेगावॅट उत्पादन खाली आणलं. आवर्तनं ४९.७ आणि ५०.२६ यांच्या मध्येच राहिली. अंदाज चुकला, पण अंदाजावर आंधळा विश्वास नव्हता म्हणून जाळं टिकलं.

याच नकलेची दुसरी बाजू भीतीची आहे. खोटा आकडा हुबेहूब तयार करता येतो, हे चांगल्या हेतूच्या माणसांनाच ठाऊक असतं असं नाही. २००९ साली याओ लिऊ, पेंग निंग आणि मायकेल रायटर यांनी गणितानं दाखवलं, की जाळं ठाऊक असलेला माणूस अनेक आकडे एकाच वेळी असे बदलू शकतो, की जमाखर्च जुळतो आणि खोटं पकडलं जात नाही. पुढच्याच वर्षी इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातला स्टक्सनेट हा घातकी प्रोग्रॅम उघडकीस आला. यंत्रं बिघडत असताना ऑपरेटरांच्या पडद्यावर तो आधी नोंदवून ठेवलेले ठीकठाक आकडे पुन्हा पुन्हा दाखवत होता.

खाडीचं मीठ

कळव्याच्या सेन्सरची नक्कल करायची तर कळवा ठाऊक असायला हवं. बाजूला ठाण्याची खाडी, पलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने. इन्सुलेटरवर मीठ आणि धूळ बसते. पावसाळ्यात मुसळधार पाऊस ती धुऊन काढतो. धोका असतो पाऊस थांबल्यानंतर. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे दव पडतं, थर ओला होतो, आणि त्यातून प्रवाह सरपटायला लागतो. आधी किरकिर, मग ठिणग्या, मग फॉल्ट. म्हणून इन्सुलेटर धुणं, त्यांवर सिलिकॉनचा लेप देणं ही किनारपट्टीवरची नेहमीची कामं. हा फॉल्ट स्वच्छ नसतो. तो येतो, विझतो, पुन्हा येतो. प्रयोगशाळेतला एका क्षणात सुरू होणारा आखीव फॉल्ट आणि खाडीवरचा हा चाचरणारा फॉल्ट, रिलेच्या दृष्टीनं दोन वेगळी जगं आहेत. हे ज्ञान मोठ्या संगणकात आपोआप येत नाही. पहाटे मनोऱ्याखाली उभं राहून किरकिर ऐकणाऱ्या लाइनमनकडून ते यावं लागतं.

पंखा थांबला त्या १२ ऑक्टोबर २०२० च्या पहाटेपासून मुंबईकडे येणाऱ्या मोठ्या वाहिन्या एकामागून एक बाद होत गेल्या. शेवटचा आधार म्हणून मुंबईची "आयलंडिंग" योजना होती. बाहेरचं जाळं गेलं तर शहरानं स्वतःला वेगळं करून ट्रॉम्बे, डहाणू इथल्या विजेवर बेट होऊन जगायचं. कित्येक वर्षं शहराचा तिच्यावर भरवसा होता. पण बेटावर जेवढी वीज, तेवढाच भार उरला पाहिजे, आणि तेही काही सेकंदांत. शहराची मागणी वाढत गेली होती, शहरातलं उत्पादन त्या मानानं कमी पडत गेलं होतं. बेट तगलं नाही. पुढे खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी २०२३ साली सुरू झाली. मुंबई शहरात ४०० केव्ही प्रथमच पोहोचलं. कुडूस ते आरे अशी एक हजार मेगावॅटची एकदिश वाहिनीही हाती घेण्यात आली. तारा वाढल्या. त्यांच्याबरोबर परीक्षेचे प्रश्नही दरवर्षी नव्यानं लिहिले गेले पाहिजेत. बेट तगेल का, हे आजच्या भारावर, आजच्या उत्पादनावर, आजच्या सीटींवर विचारलं पाहिजे. मला या सगळ्या शोधातून कळकळीनं सांगावंसं वाटतं ते हेच.

परत येताना

गेल्या वर्षी काकांना विचारलं, "टेस्टिंगमधलं सगळ्यात अवघड काम कुठलं?" मला वाटलं, ते सॅच्युरेशनबद्दल काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "परत लावणं."

टेस्ट संपते. किट काढायचं, सोडलेल्या लिंक पुन्हा घट्ट करायच्या, रिलेला त्याचे खरे डोळे परत द्यायचे. दिवसभर खोटं जग दाखवून माणूस थकलेला असतो, लाइन चार्ज करायची घाई असते. एक लिंक उघडी राहिली, तर रिले आंधळाच राहतो. चालू सीटीची तार उघडी राहिली, तर तिच्या टोकांवर हजारो व्होल्ट उभे राहतात. त्यात माणसं गेली आहेत.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागाच्या नियंत्रण केंद्रात आकड्यांचा जमाखर्च जुळेना. एका विश्लेषकानं दर पाच मिनिटांनी आपोआप चालणारी गणना थांबवली. चूक शोधली, दुरुस्त केली, आणि ती परत आपोआप चालू करायला विसरून जेवायला गेला. त्या दुपारी ओहायोत तारा झाडांना टेकायला लागल्या, तेव्हा केंद्राच्या डोळ्यांवर पट्टी होती. पाच कोटी लोकांच्या प्रदेशातली वीज गेली.

नव्या डिजिटल सबस्टेशनांत सीटीकडून तांब्याची तार येत नाही, सेकंदाला चार हजार आकडे प्रकाशतंतूतून येतात. तिथली नक्कल म्हणजे नकली आकड्यांचा प्रवाहच. जागतिक प्रमाणकात त्यासाठी एक छोटी खूण ठेवली आहे: संदेशातच लिहायचं, "ही नक्कल आहे". परीक्षा चालू असेल, तर रिले नक्कल मानतो. संपली की खऱ्याकडे वळतो. मला ही खूण फार मोलाची वाटते. खोटं कितीही हुबेहूब असो, ते खोटं आहे हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं असावं, आणि खऱ्याकडे परतायचा रस्ता कधी बंद होऊ नये.

पण तांब्याच्या तारांचे पॅनेल अजून पुष्कळ आहेत, आणि तिथे ही खूण माणसालाच व्हावं लागतं. मी विचारलं, "मग काका, लिंक लावल्यावर कसं कळतं की सगळं नीट परत लागलं?"

त्यांनी समोरच्या हवेत पॅनेल असल्यासारखं बोट धरलं. "लाइन चार्ज झाली की रिलेच्या पडद्यावर प्रवाह बघायचा. तीन फेज, तिन्ही जवळजवळ सारखे. शेजारच्या फीडरशी ताडायचे. आणि मग अगं, थोडा वेळ नुसतं उभं राहायचं. किटचा आकडा एका जागी बसतो. खऱ्या लाइनचा शेवटचा आकडा कधी बसत नाही. कुठे पंप लागतो, कुठे लोकल सुटते, कुठे गिरणी थांबते. मी पोरांना एवढंच विचारायचो: आकडा हलतोय ना? मग चला घरी."

दिवाळीत आमच्या इमारतीवर कंदील लागतात, समोर कळव्याचे रूळ उजळतात, आणि पारसिकच्या अंगावरच्या वस्तीत एकेक दिवा लागत जातो. त्यातला प्रत्येक दिवा कुठल्यातरी कंट्रोल रूममध्ये, कुठल्यातरी पडद्यावरचा शेवटचा आकडा किंचित हलवत असणार.